सामत्यापासून विजेच्या ड्रिलपर्यंत

भोंक पाडण्याची विद्या फार जुनी आहे. बलुचिस्तानांतील मेहरगढ येथें साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींच्या मानवी दाढा सांपडल्या. त्यांना चकमकीच्या दगडाच्या टोंकानें भोंकें पाडलेलीं होतीं. आपल्या सुतारांचा सामता त्याच कुळांतला. दांड्याला दोरीचा वेढा देऊन कमान मागेंपुढें ओढली कीं टोंक फिरे. हात थांबला कीं तेंही थांबे. बळ आणि आवर दोन्ही एकाच हातांत असत.

इ. स. १८८९ मध्यें मेलबर्न येथें अर्नॉट व ब्रेन यांनीं विजेच्या ड्रिलचें पेटंट घेतलें. १८९५ मध्यें स्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यानें तें हातीं धरण्याजोगें केलें. १९१७ मध्यें ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें. बळ विजेचें झालें. आवर मात्र माणसाकडेच राहिला.

येवल्यांत पैठणीचे माग राहत्या घरांतही असतात. तेथें हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा. सुटा रेशमी धागा, पदर किंवा हातमोजा फिरत्या टोंकांत गुंतला, तर यंत्र हातही ओढून घेतें. म्हणून मागापासून दूर, पदर खोंचून, डोळ्यांवर चष्मा लावून काम करावें. लांकूड पक्कें आवळावें. भिंत असल्यास आंत विजेची तार नाहीं, याची खात्री करावी. जागेवर खूण ठोकून सावकाश आरंभ करावा. टोंक दाबूं नये, त्याला कापूं द्यावें. टोंक बदलण्यापूर्वीं प्लग काढावा.

सुताराला जो आवर दोरीच शिकवी, तो आतां आपला आपणच शिकावयाचा आहे.