लिस्बनला जाऊन आलेली नाकाडोंगरीची वाट

आमच्या नाकाडोंगरीच्या भागात यात्रा कशी करतात, हे मी शेजाऱ्यांकडून शिकले. महाशिवरात्रीच्या आधी गावोगावचे लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या महादेवाला, चौरागडाला निघतात. ज्यांना तेवढे जमत नाही ते आपल्याच तुमसर तालुक्यातल्या गायमुखाला जातात. त्रिशुळाचे वजन सगळा रस्ताभर आळीपाळीने वाहिले जाते आणि वाहणारे बहुतेक तरुणच असतात. त्यामुळे कॅथलिक तरुणांच्या जागतिक यात्रेच्या मुळाशीही खांद्यावर वाहिलेले एक लाकूडच आहे, हे कळले तेव्हा मला ते अगदी ओळखीचे वाटले.

ते लाकूड म्हणजे जवळजवळ पावणेचार मीटर उंचीचा एक साधा क्रूस. १९८३-८४ च्या पवित्र वर्षात तो रोमला सेंट पीटर्समध्ये वेदीजवळ उभा होता. वर्ष संपले आणि २२ एप्रिल १९८४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो तरुणांच्या हवाली केला: हा जगभर न्या. पुढचे १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होते. त्या वर्षाअखेर जागतिक युवा दिनाची घोषणा झाली आणि १९८६ च्या झावळ्यांच्या रविवारी तो पहिल्यांदा साजरा झाला. १९८७ मध्ये ब्युनॉस आयर्सला रोमबाहेरचा पहिला जागतिक मेळावा भरला. १९९५ ला मनिला, २००० ला पुन्हा रोम, २०१६ ला क्राकोव्ह, २०१९ ला पनामा. लिस्बनचा मेळावा २०२२ ला व्हायचा होता, कोरोनामुळे तो ऑगस्ट २०२३ वर गेला. त्या वेळी मी गेले.

निघताना शेजारच्या काकूंनी विचारले, "पोर्तुगीजायच्या देशात चालली म्हनते. मंग तुमचा देव तिकडचाच म्हनावं का?" त्यांच्या विचारण्यात काहीच वाकडे नव्हते. पण उत्तर द्यायचे तर इतिहास सांगावा लागतो.

गोव्याच्या, वसईच्या इतिहासात पोर्तुगीज आहेत. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि तेरा महिन्यांनी गोव्याला पोचले. त्या वाटेवर राजाची जहाजे होती, तोफा होत्या, आणि पुढे गोव्यात धर्मन्यायालयही आले. ते झाकून ठेवायचे कारण नाही. विदर्भातली वाट मात्र वेगळी. इथे पोर्तुगीज सत्ता कधी आलीच नाही. आमच्याकडे आले ते आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावचे, सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संस्थेचे फादर. ही संस्था १८३८ ची. तिचे लोक १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून आत सरकत कामठीच्या छावणीपर्यंत, नागपूरपर्यंत आले. १८७० मध्ये नागपुरात शाळा निघाली, १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. आमचा भंडारा जिल्हा त्यातच येतो.

आणि आमच्या घराची वाट त्याहून वेगळी. ती मँगनीजची. या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून विलायती कंपनीच्या खाणी चालल्या. १९६२ मध्ये त्यांची मॉईल ही कंपनी झाली. चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींत काम होते म्हणून दूरदूरची माणसे आली आणि आपापले देव बरोबर घेऊन आली. माझे वडीलही असेच नोकरीसाठी आले. मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, आम्हाला गावाबाहेर जावे लागायचे. नाताळची करंजी मात्र सगळ्या आळीत जायची. आमची श्रद्धा इथे कुठल्या राजाच्या जहाजातून आली नाही. ती रेल्वेने, कामाच्या चिठ्ठीवर आली.

हे मनात घेऊन मी लिस्बनच्या नदीकाठच्या बेलेंमध्ये उभी होते. तिथल्या मठात वास्को द गामाची कबर आहे आणि त्याच्याच नावाची बाग जवळ आहे. त्या बागेत दीडशे पापनिवेदनाच्या खोल्या मांडल्या होत्या. लाकडाच्या, साध्या, उघड्या, आणि त्या पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवलेल्या. मी एका खोलीच्या कडेवरून हात फिरवला. फळी नीट घासलेली होती. शिक्षा भोगणाऱ्या माणसाने दुसऱ्याने क्षमा मागावी म्हणून सुतारकाम केले होते. ज्या काठावरून साम्राज्य निघाले, त्या काठावर २०२३ मध्ये जगभरची मुले गुडघे टेकून क्षमा मागत होती. या यात्रेचे मोठेपण मला तिथे कळले.

त्या मेळाव्याच्या आश्रयदात्या संतांमध्ये जॉन डी ब्रिटो होते. जन्म १६४७, लिस्बनचाच. दरबारातले आयुष्य सोडून ते मदुराईकडे आले, भगवी वस्त्रे नेसले, मांसाहार सोडला आणि अरुळानंदर या नावाने तमिळ लोकांत राहिले. १६९३ मध्ये ओरियूरला त्यांचा शिरच्छेद झाला. त्याच लिस्बनहून निघालेला, पण तोफेच्या सावलीत न राहिलेला हा माणूस. पोर्तुगाल म्हटले की आपल्याला एकच चेहरा आठवतो. दुसराही आठवायला हवा.

३ ऑगस्टला पोप फ्रान्सिस यांनी स्पॅनिशमध्ये एकच शब्द तीनदा उच्चारला आणि आमच्याकडून म्हणवून घेतला: तोदोस, तोदोस, तोदोस. सगळे, सगळे, सगळे. चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे. शेवटची रात्र तेजो नदीकाठच्या मैदानावर गेली. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. सहा ऑगस्टच्या सकाळी मिस्साला पंधरा लाख लोक होते, असा अंदाज सांगतात. माझ्या एका बाजूला पोलंडची मुले, दुसऱ्या बाजूला अंगोलाची. अंगोलाच्या मुलांनाही पोर्तुगीजांविषयी तेच विचारले जाते, जे मला विचारले गेले.

त्याच मिस्सानंतर पुढचे ठिकाण जाहीर झाले: सोल, २०२७. कोरियाची वाट तर आणखी वेगळी. तिथल्या चर्चचा आरंभ कुठल्याच परदेशी मिशनऱ्याने केला नाही. तिथल्या विद्वानांनी बीजिंगहून आलेले धर्मग्रंथ वाचले, त्यांच्यातला यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि त्याने घरी येऊन इतरांना दिला. पहिला धर्मगुरू तिथे पोचला तो दहा वर्षांनी.

म्हणून काकूंना माझे उत्तर असे, की देव कुठून आला यापेक्षा त्याला कुणी आणि कसा वाहून आणला, ते बघा. आमच्या खाणपट्ट्यात तो मजुरांनी आणला, आणि त्याची नोंद अजून कुणी नीट लिहिलेली नाही. सोलला जाणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींनी जाण्याआधी आपल्या आजी-आजोबांना बसवून ती लिहून घ्यावी. परक्या देशात कुणी विचारले, तुम्ही कोण, तर सांगायला आपला इतिहास आपल्याजवळ हवा.