लहान मुलांना स्वतःची, इतरांची आणि परिसराची काळजी घ्यायला शिकवणे: लखनौमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांसाठी अंगणवाडी माहिती

आपले मूल स्वतःच्या हाताने जेवणे, साबणाने हात धुणे, शी-शू लागली की सांगणे या गोष्टी सहा वर्षांच्या आत शिकते. कामासाठी गाव बदलले की या सवयी अनेकदा तुटतात. अंगणवाडीतील मोफत सेवांच्या मदतीने त्या कशा टिकवाव्यात, हे येथे दिले आहे.

योजना काय आहे?

केंद्र सरकारने 10 मे 2023 रोजी ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार अंगणवाडीत आहारासोबत शिक्षणही दिले जाते. 2024 मध्ये यासाठी दोन अभ्यासक्रम आले:

• नवचेतना: जन्मापासून 3 वर्षांपर्यंत. घरी आणि अंगणवाडीत करायच्या खेळ-कृती.
• आधारशिला: 3 ते 6 वर्षे. खेळातून शिकण्याचा 48 आठवड्यांचा कार्यक्रम.

घरी काय करावे?

स्वतःची काळजी: वर्षाच्या मुलाला मऊ भात, पोळीचा तुकडा बोटांनी खाऊ द्या. दीड वर्षाच्या सुमारास छोटा पेला हातात द्या. सांडले तर रागावू नका, पुसायला फडके द्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला चड्डी स्वतः काढू-घालू द्या. शौचाची सवय लावताना जबरदस्ती नको. जेवणाआधी आणि शौचानंतर हात साबणानेच धुवायचे, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा. त्यामुळे जुलाबाचा धोका कमी होतो.

इतरांची काळजी: आजीला पाणी नेऊन देणे, भावंडाला अर्धे केळे देणे, मांजराला न मारणे. मुलाने दुसऱ्याला ढकलले तर “बघ, त्याला लागलं” असे सांगा आणि त्याच्याकडून हळुवार हात फिरवून घ्या.

परिसराची काळजी: खेळणी टोपलीत ठेवणे, साल कचऱ्याच्या डब्यात टाकणे, तुळशीला पाणी घालणे. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला एकटे सोडू नका.

घाईत आपणच भरवतो, आपणच कपडे घालतो. दिवसातले निदान एक काम मुलाला सावकाश, स्वतः करू द्या.

लखनौला राहायला आल्यावर

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या कामासाठी अनेक कुटुंबे उत्तरेकडील शहरांत जातात. तुम्हीही असे लखनौला आला असाल, तर घराजवळच्या अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवा. तिथे सेविकेला ‘आंगनबाड़ी कार्यकत्री’ आणि मदतनीसला ‘सहायिका’ म्हणतात.

• आधी गावाकडच्या अंगणवाडीत नाव असेल, तर ते नव्या केंद्रात वर्ग करायला सांगा. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये दुसऱ्या राज्यात नाव हलवण्याची सोय आहे.
• मुलाचे आधार कार्ड सक्तीचे नाही. आईच्या आधारवर लाभ मिळतो. लसीकरणाचे कार्ड सोबत न्या.
• 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना घरी नेण्यासाठी आहार, तर 3 ते 6 वर्षांच्या मुलांना केंद्रात गरम जेवण मिळते.

भाषेची अडचण आली तर?

घरी मराठीत बोलणाऱ्या मुलाने केंद्रात “शू आली” म्हटले आणि ते कोणाला कळले नाही, तर मूल गप्प बसते आणि कपडे ओले होतात. पहिल्याच दिवशी कार्यकत्रीला मुलाचे चार-पाच शब्द सांगून ठेवा: शू, शी, पाणी, भूक, दुखतंय. मुलालाही “सूसू आई है”, “दर्द हो रहा है” ही वाक्ये खेळता खेळता शिकवा. घरी मात्र मराठीतच बोला. घरची भाषा पक्की असेल, तर दुसरी शिकणे सोपे जाते.

लक्षात ठेवा

• अंगणवाडीतील सर्व सेवा मोफत आहेत.
• मूल त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा बोलणे, चालणे किंवा खाणे यांत फार मागे वाटले, तर थांबून राहू नका; कार्यकत्रीला सांगा. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीत वेगळी कार्यपद्धती आहे.
• केंद्रात या आठवड्यात काय शिकवले, ते विचारा आणि तेच घरी करून घ्या.