तंजावरच्या राण्यांचा दावा आणि हिंदू स्त्रीचा वारसाहक्क

तामिळनाडूतील तंजावर येथील भोसले घराण्याचे अखेरचे राजे दुसरे शिवाजी यांचे १८५५ साली निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. दोन कन्या आणि मोठा राणीवसा एवढेच मागे राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केले, राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली आणि थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला हा दावा कायद्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ज्या मराठी समाजातून तो उभा राहिला त्याला मात्र त्याची फारशी ओळख नाही.

चोळीबांगडी

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले असता दोघा भावांत वितुष्ट आले. ते मिटवण्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा वाटा मोठा होता. झालेल्या करारात बंगळूर व आसपासचा प्रदेश महाराजांनी दीपाबाईंना ‘चोळीबांगडी’साठी दिला. हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. घरातील स्त्रीला तिच्या खर्चासाठी मायेने, मानाने दिलेली ती नेमणूक. देणाऱ्याच्या मर्जीचा भाग, मागून घेण्याचा हिस्सा नव्हे.

या घराण्यात स्त्रीच्या हाती सत्ता आलीच नाही, असे मात्र नाही. दुसरे एकोजी यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी सुजानबाई यांनी १७३७-३८ मध्ये कारभार पाहिला. पण तो वर्षभरातच संपुष्टात आला. त्याच अठराव्या शतकात तंजावरच्या दरबाराशी संबंधित पंडित त्र्यंबकयज्वा यांनी ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा पत्नीची कर्तव्ये सांगणारा संस्कृत ग्रंथ रचला. पहाटे उठण्यापासून पतीच्या सेवेपर्यंतचे नियम त्यात तपशीलवार आहेत. शास्त्र आणि व्यवहार यांतील हे अंतर तंजावरइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

राणी विरुद्ध कंपनी

१७९९ च्या तहानेच राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. दुसरे सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्याकडे किल्ला, किताब आणि महसुलातील ठराविक वाटा उरला होता. तरीही वारसाचा प्रश्न उभा राहताच कन्येला गादी मिळावी, असे मत खुद्द ब्रिटिश रेसिडेंट फोर्ब्स यांनी मांडले. लंडनच्या संचालक मंडळाने ते फेटाळले. हिंदू राजाच्या कन्येला राज्यावर वारसा सांगण्याचा अधिकार कोणताही कायदा किंवा रूढी देत नाही, अशी मंडळाची भूमिका होती. राज्य गेले, त्याबरोबर राजवाडा, जडजवाहीर आणि जमिनीही गेल्या.

कामाक्षीबाईंचा युक्तिवाद नेमका होता. राज्य हे राज्य आणि खासगी दौलत ही खासगी दौलत. निपुत्रिक पुरुषाची खासगी दौलत हिंदू शास्त्राप्रमाणे विधवेकडे जाते. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने राणीच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. लॉर्ड किंग्सडाऊन यांच्या निकालाचे सार असे, की जप्ती हे सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य होते आणि ते न्याय्य असो वा अन्याय्य, त्यात हात घालण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. म्हणजे राणीचे म्हणणे चूक ठरले नाही. ते ऐकणारे न्यायपीठच उरले नाही. १८६२ साली सरकारने खासगी मालमत्ता कुटुंबाला परत केली, पण ती कृपा म्हणून. एका अर्थी पुन्हा चोळीबांगडीच.

सवतींचा हिस्सा

सरकारच्या आदेशानुसार व्यवस्था थोरल्या राणीकडे आणि अखेरच्या राणीनंतर मालमत्ता राजकन्येकडे जाणार होती. आता वाद घरातच पेटला. धाकट्या राण्या न्यायालयात गेल्या. जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या १८६८ च्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले, की विधिवत विवाह झालेल्या सर्व विधवांचा मालमत्तेवर हयातीपुरता संयुक्त अधिकार असतो, उपभोग समान असतो आणि एकीच्या पश्चात तिचा वाटा उरलेल्यांकडे जातो. थोरलेपणाने कारभार मिळतो, मालकी वाढत नाही. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत सहविधवांच्या हक्कांसाठी हा निकाल पुढे दीर्घकाळ आधार मानला गेला. राजवाड्यातील स्त्रियांच्या भांडणातून सामान्य घरांतील विधवांसाठी नियम निघाला, असे म्हणता येईल.

‘हयातीपुरता’ ही मर्यादा मात्र कायम राहिली. १९३७ च्या कायद्यानेही विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित अधिकारच दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती पूर्ण मालक झाली. दरम्यान मुंबई प्रांताने १९४६ मध्ये, मद्रास प्रांताने १९४९ मध्ये आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहुतेक देशभरात हिंदूंमधील बहुपत्नीत्वाला बंदी केली. तरी १९५६ च्या कायद्यात एकाहून अधिक विधवा असल्यास सर्वांना मिळून एक हिस्सा, ही तरतूद आजही आहे.

कन्येचा प्रश्न याहून रेंगाळला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्माने सहहिस्सेदार नव्हती. १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथील स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने स्त्रियांना समान वारसा देण्याची मागणी केली. तामिळनाडूत तसा कायदा येण्यास १९८९ उजाडले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्याचे अनुकरण केले. दोन्ही राज्यांत कायदा लागू होण्यापूर्वी विवाह झालेल्या मुली मात्र वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. महाराष्ट्रात तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करतात, हे तलाठ्याच्या चावडीत नित्य दिसणारे दृश्य आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची आवश्यकता नसल्याचे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र या दुरुस्तीने बाधा येत नाही.