सांबरशिंग आणि घोड्याचं देणं



परवा आजेसासूबाईंची पेटी आवरताना सहाणेजवळ सांबरशिंगाचा तुकडा सापडला. उगाळून उगाळून झिजलेला. छातीत दुखलं, सूज आली, विंचू चावला, की तेच उगाळून लावायचं. "गळून पडलेलं शिंग, त्यात कसली हिंसा?" असं त्या म्हणत. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात हे खरं. पण बाजारातलं शिंग गळलेलं की मारलेल्या सांबराचं, हे कोण सांगणार?

शिंगाने विष उतरतं, ही समजूत जुनी आहे. राजेलोक गेंड्याच्या शिंगाचे पेले बाळगत. विष असलं तर पेय फेसाळतं म्हणे! गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिलंय, की बंगालकडे गेंड्याचं शिंग विषावर वापरतात. खरं तर ते शिंग म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन आणि सांबरशिंग म्हणजे हाड. विष कशानेच उतरत नाही.

माझ्या लहानपणी सांगलीकडे चुलतकाकांना शेतात घोणस चावली. शिंग उगाळण्यात रात्र गेली. सकाळी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता.

परळला १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन संस्था. पुढे हाफकिनच्या नावाने सर्पविषावरची लसही घरोघरी माहीत झाली. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती तयार होते, मग रक्त काढून त्यातून औषध करतात.

म्हणजे इथेही प्राणी आलाच! घोड्याला मारत नाहीत, पण यातना होतातच. मग आपण काय करायचं? मी कॉमर्सची, जमा लिहिली की नावेही लिहायची. शिंगाने सांबर गेलं आणि माणूसही वाचला नाही. लशीने माणूस वाचतो, पण घोड्याचं देणं डोक्यावर राहतं. लस जरूर घ्यावी, देणं मात्र विसरू नये. पर्युषणात मी भुलेश्वरच्या पांजरपोळात चाऱ्याचे पैसे देते, त्यात आता घोड्याच्या नावाचे थोडे वेगळे काढते.

आणि हो, साप चावला तर उगाळत बसू नका. चावलेला भाग हलवू न देता थेट दवाखाना गाठा.

शिंगाची खरेदी-विक्री आता कायद्याने बंद आहे. तो तुकडा वनखात्याकडे द्यायचा ठरवलंय. सहाण ठेवली आहे, नातीच्या सुंठ-जायफळासाठी.