द्यूताचें ऋण : दप्तरांत न सांपडणारें एक कर्ज

कोंकणपट्टींतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें उलगडतांना सनदा व वंशावळी यांच्या खालोखाल हटकून हातीं येणारा कागद म्हणजे कर्जरोखा किंवा गहाणखत. श्रीवर्धनासारख्या गांवीं, जेथें घराची मालमत्ता म्हणजे मुख्यतः नारळी-पोफळीची वाडी, तेथें कर्जाची कथा ही वाडीचीच कथा होते. संग्राहक मंडळी सनद जिवापाड जपतात आणि रोखे रद्दींत टाकतात, हें दुर्दैव होय. घराण्याचा चढ सनदेंत दिसतो. उतार पाहावयाचा तर रोखेच वाचले पाहिजेत.

रोख्यांत रक्कम, व्याज, मुदत व साक्षी असतात आणि पुष्कळदां कर्जाचें कारणही असतें : घरखर्च, कन्येचें लग्न, वडिलांचें उत्तरकार्य, सरकारदेणें. "द्यूतांत हरलों, सबब कर्ज घेतलें" असें मात्र कोणी लिहून देत नाहीं व कोणी लिहून घेतही नाहीं. यावरून आमचे पूर्वज जुगार खेळत नव्हते असें अनुमान काढणें भोळेपणाचें होईल. लाजेचा भाग यांत आहेच. पण लाजेहून बळकट असें दुसरें कारण धर्मशास्त्रांत आहे, आणि त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत पित्याचें कोणतें ऋण पुत्रानें फेडूं नये हें सांगितलें आहे. मद्य, काम व द्यूत यांपायीं झालेलें ऋण, दंड व शुल्क यांची बाकी आणि वृथा दिलेलें दान, इतक्यांना पुत्र बांधलेला नाहीं. एरव्हीं पितृऋण फेडणें हें पुत्राचें कर्तव्यच. तें न फेडल्यास पित्याला परलोकीं गति नाहीं अशी समजूत. इतक्या कडक नियमाला हा अपवाद केला आहे, आणि तो विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेच्या द्वारें पुढें इंग्रजी न्यायालयांपर्यंत चालत आला. सावकारानें यांतून काय बोध घ्यावा हें उघड आहे. रोख्यावर खरें कारण लिहिलें तर ऋणकोच्या मरणाबरोबर पैसाही बुडाला ! तेव्हां जुगारी आपली लाज झांकण्यासाठीं आणि सावकार आपलें मुद्दल राखण्यासाठीं एकाच खोट्या शब्दावर सही-साक्ष करीत. दप्तरांतील "घरखर्च" या शब्दाकडे संशोधकानें थोड्या संशयानें पाहावें, तें याकरितां.

ऋण तितकें सारें निंद्य नव्हे, हें दाखविण्यास श्रीवर्धनाहून दूर जावयास नको. दंडाराजपुरी व श्रीवर्धन येथील देशमुखी ज्या भट घराण्याकडे होती, त्यांतील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळें गांव सोडून गेले व 1713 सालीं पेशवेपदावर आले. त्यांचे पुत्र बाजीराव हे मोहिमांच्या खर्चापायीं कर्जांत किती बुडाले होते हें ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांशीं झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून कळतें. कै. पारसनीस यांनीं स्वामींचें चरित्र 1900 सालीं पत्रांसह प्रसिद्ध केलें. ज्याच्या घोडदळानें दिल्लीचा दरवाजा गांठला, तो पुरुष सावकार-शिलेदारांच्या पायां पडतां पडतां कपाळ झिजल्याचें लिहितो. आणि स्वामी नुसते गुरु नव्हते, धनकोही होते, हें त्या वेळच्या व्यवहाराचें एक वैशिष्ट्यच. पुढें नातू माधवराव 1772 सालीं थेऊर येथें अंथरुणास खिळले असतां त्यांनीं जी नऊ कलमांची यादी करविली, तींत कर्ज वारण्याचें कलम आहे. हें ऋण फौजेचें, म्हणून उघडपणें लिहिलें गेलें, उघडपणें फेडावयाचें ठरलें. जुगाऱ्याच्या ऋणाला असा कागद मिळत नाहीं.

आतां या व्यसनाविषयीं शास्त्रकारांत मतैक्य नव्हतें. मनूनें राजाला द्यूत राज्यांतून घालवून देण्यास सांगितलें. कौटिल्य व याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. खेळ बंद होत नाहीं असें धरून त्यांनीं तो एका जागीं, राजाच्या देखरेखीखालीं आणला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेचा शेंकडा पांच भाग घेतो; याज्ञवल्क्याचा सभिक, म्हणजे अड्ड्याचा चालक, मोठ्या डावावर शेंकडा पांच व इतरांकडून शेंकडा दहा घेतो. एका जागीं खेळ चालला म्हणजे चोर ओळखूं येतात, असाही हिशेब त्यांत आहे. खेळणाऱ्याचें घर कसें वांचेल याची चिंता मात्र येथें नाहीं. आणि धर्मानें स्वतःच दोन दारें किलकिलीं ठेविलीं : कोजागरीच्या रात्रीं जागून फांसे खेळणाऱ्यास लक्ष्मी प्रसन्न होते असें व्रतविधान, आणि बलिप्रतिपदेचें द्यूत. वर्षांतून एक-दोनदां खेळावें आणि उठावें, असा त्यांचा हेतु असणार. उठतां न येणें हाच तर रोग आहे.

हा रोग ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जितका हुबेहूब उतरला आहे तितका पुढें क्वचितच. पुन्हा खेळणार नाहीं असा जुगाऱ्याचा निश्चय, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच पाय तिकडे वळणें. सासूचा द्वेष, बायकोचें दूर होणें. आईबाप व भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाहीं, बांधून घेऊन जा. कर्जाच्या भयानें रात्रीं दुसऱ्याच्या घराकडे जाणारा तो माणूस. त्यावर सूक्ताचा उपाय एवढाच, कीं शेत नांगर आणि आहे त्यांत समाधान मान.

मराठी वाङ्मयाकडे वळलें तर नवल असें, कीं द्यूतऋणाची एक अत्यंत जुनी कथा आपल्या आद्य गद्यग्रंथांतच आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांचें पूर्वचरित्र येतें. गुजरातेंतील प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरपाळदेव द्यूताच्या नादीं लागला होता. एकदां तो हरला; देणें चुकविण्यासाठीं त्यानें पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागितले आणि तिनें ते दिले नाहींत. त्याचें मन संसारावरून उडालें. पुढें रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून तो घराबाहेर पडला व ऋद्धिपुरीं श्रीगोविंदप्रभूंस भेटला. ज्याला आपण परमेश्वरावतार मानतों त्याच्या चरित्रांतील हार व उसनवार पंथानें लपविली नाहीं, हें त्या ग्रंथाच्या सचोटीचें गमक होय. या पोथ्या सांकेतिक लिपींत बंद होत्या, कै. राजवाडे यांनीं ती लिपि उलगडली नसती तर ही कथा मठांतच राहती. कोलते यांची प्रत 1978 सालीं निघाली.

या कथेंतील पत्नीला वाचक सहसा वैराग्याचें निमित्तमात्र समजून पुढें जातो, किंबहुना तिला कठोर ठरवितो. मला तसें वाटत नाहीं. अलंकार हें स्त्रीधन. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास या चार प्रसंगीं भर्त्यानें घेतलेलें स्त्रीधन परत करणें त्याच्यावर बंधनकारक नाहीं, असें याज्ञवल्क्य सांगतो. त्या चारांत द्यूत नाहीं. कमळाइसेनें मिताक्षरा वाचली होती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिचा नकार शास्त्राच्या मर्यादेंत चोख बसतो. पुत्राला ऋणांतून सोडविणारें वचन आणि स्त्रीधनाला कुंपण घालणारें वचन, हीं दोन एकत्र वाचलीं म्हणजे शास्त्रकारांचें धोरण ध्यानांत येतें : जुगारी वांचो न वांचो, त्याच्याबरोबर घर बुडूं नये. अलंकार दिले असते तर ते दुसऱ्या डावावर लागले असते, हें अशा घरांतून वावरलेल्या कोणालाही सांगावयास नको.

तिसरें कुंपण दामदुपटीचें. एका वेळीं वसूल होणारें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा जुना नियम मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींही पाळला. पैजेच्या बाबतींत मात्र इंग्रजी कायदा प्रथम ढिला होता. अफूच्या विक्रीच्या भावावर मुंबईंत लागलेल्या पैजेचा दावा प्रिव्ही कौन्सिलनें 1848 सालीं ग्राह्य ठरविला. त्याच वर्षीं कायदा करून असे करार रद्दबातल करावे लागले. 1865 च्या मुंबईच्या कायद्यानें पैजेला आनुषंगिक असलेले करारही निरर्थक ठरविले. 1887 च्या कायद्यानें जुगाराच्या अड्ड्यांवर हात टाकला, आणि 1890 सालीं पावसावर लागणाऱ्या पैजाही त्यांत ओढल्या. श्रीवर्धन तेव्हां जंजिरा संस्थानांत, म्हणजे सिद्दीकडे होतें. 1948 सालापर्यंत तें तसेंच राहिलें. पुत्राच्या पितृऋणाचें धार्मिक बंधन तर 2005 च्या दुरुस्तीनें नव्या कर्जांपुरतें सर्वस्वीं गेलें. म्हणजे ज्या कारणासाठीं रोख्यावर खोटें लिहिलें जाई तें कारणच आतां उरलें नाहीं. जुने रोखे मात्र आहेत.

किती दिवस राहतील हा प्रश्न आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानें श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळास येण्यास कित्येक वर्षें जातात. भिजलेला कागद कितीही वर्षांनीं परत येत नाहीं. ज्यांच्या घरीं अशीं दप्तरें शिल्लक असतील त्यांनीं रोखे व गहाणखतें वेगळीं काढून तिथिवार लावावीं. थोड्या अंतरानें, निरनिराळ्या सावकारांकडून, कारण तेंच लिहून घेतलेलीं लहान लहान कर्जें एका माणसाच्या नांवें दिसलीं तर तेथें थांबावें. दिवाळीच्या सुमारास तीं दाटलेलीं असलीं तर अधिक थांबावें. मात्र तो वहीपूजनाचा व जुन्या खात्यांच्या निकालाचा काळ, म्हणून एकट्या तिथीवर भिस्त ठेवूं नये. आणि गहाणाच्या यादींत पाटल्या, गोठ, नथ असे जिन्नस आले तर खालीं साक्षींत घरांतील कोणाचें नांव आहे व कोणाचें नाहीं, हें अवश्य टिपून ठेवावें.