समोरच्याचा सूर सांगण्याची रीत

हौशी रेडिओवाल्यांमध्ये एक जुनी रीत आहे. संपर्क जुळला की नाव-गाव सांगण्याआधी समोरच्याचा सिग्नल आपल्याकडे कसा येतोय ते सांगायचं. हजारो किलोमीटरवर आपली लहर कशी पोचली हे आपल्याला खोलीत बसून कळत नाही, तिथला माणूसच ते सांगू शकतो. त्यामुळे हा रिपोर्ट म्हणजे एकमेकांच्या यंत्राची तपासणीच होती.

1934 साली अमेरिकेतल्या आर्थर ब्राटेन या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, या तपासणीला आकड्यांची शिस्त लावली. वाचनीयतेला 1 ते 5, ताकदीला 1 ते 9 आणि स्वराला 1 ते 9. मला यातला तिसरा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळच्या घरगुती ट्रान्समीटरमधली वीज नीट गाळलेली नसेल, तर मोर्सच्या शिट्टीत घरघर मिसळायची. अगदी खरखरीत स्वराला 1, नितळ शिट्टीला 9. मोर्सची की दाबताच वारंवारता सरकत असेल तर आकड्यांपुढे ‘सी’ लावायचं, की खटखटत असेल तर ‘के’. एवढ्यावरून पाठवणाऱ्याला कळायचं की फिल्टरचा कंडेन्सर बदलायचा की ऑसिलेटर स्थिर करायचा.

पुढे या छंदात टेलिप्रिंटर आला. त्याच्याशी माझी ओळख नोकरीतली. तार ऑफिसात मी ही यंत्रं दुरुस्त करत असे. लाइन तपासायची तर आम्ही आर आणि वाय ही दोन अक्षरं आलटून-पालटून पाठवत राहायचो. पाच खुणांच्या त्या संकेतात आर आणि वाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. एकात जिथे मार्क तिथे दुसऱ्यात स्पेस. त्यामुळे लाइनला सतत उलटसुलट व्हावं लागतं आणि कुठे दोष असेल तर तो लगेच उघडा पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी कंपन्यांनी काढून टाकलेले टेलिप्रिंटर घेऊन रेडिओला जोडले, तेव्हा हीच आर-वायची परीक्षा त्यांनीही उचलली. त्यांचा वेग 45.45 बॉड. मार्क आणि स्पेसच्या दोन सुरांमधलं अंतर आधी 850 हर्ट्झ असे, नंतर 170 झालं.

पण इथे एक फरक पडला. मोर्समध्ये कान सगळा सिग्नल ऐकत होता. टेलिप्रिंटर फक्त अक्षर छापतो किंवा चुकवतो. कागदावर शुद्ध मजकूर उमटला म्हणजे हवेतली लहरही शुद्ध होती असं नाही. स्वराचा आकडा तरीही दिला जाई, पण सवयीने 9.

हरवलेली ही तपासणी 1998 च्या अखेरीस परत आली. इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी पोलंडच्या पावेल यालोखा यांच्या कल्पनेवरून पीएसके-31 हे मजकूर पाठवण्याचं तंत्र बनवलं. घरातला कॉम्प्युटर, त्याचं साउंड कार्ड आणि रेडिओ एवढ्यावर काम भागायचं. सेकंदाला 31.25 बदल, टायपिंगच्या वेगाला पुरेसे. पाठवणारा टायपिंग थांबवून नुसता ‘ऑन’ राहिला, की प्रत्येक ठोक्याला फेज उलटते आणि पडद्यावर 31.25 हर्ट्झ अंतरावरच्या दोन रेघा दिसतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. अॅम्प्लिफायरवर ताण आला की या रुळांच्या बाहेर, दोन्ही अंगांना आणखी रेघा उमटतात. त्या मूळ रेघांपेक्षा किती डेसिबल खाली आहेत ते मोजायचं. तोच आयएमडीचा, म्हणजे सिग्नलमधल्या विकृतीचा आकडा. उणे 30 आला तर उत्तम, उणे 20 च्या आसपास आला तर दुरुस्तीची गरज. मात्र सिग्नल गोंगाटाच्या बराच वर हवा, नाहीतर मीटर गोंगाटच मोजतो.

बहुतेक वेळा उपायाला खर्चही नसे. साउंड कार्डचा आवाज इतका कमी करायचा की रेडिओवरचा एएलसीचा, म्हणजे पातळी आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा, काटा हलणार नाही. अनोळखी माणसाने “आवाज थोडा उतरवा” म्हणावं, आपण उतरवावा आणि त्याने लगेच नवा आकडा द्यावा, हे मी 14.070 मेगाहर्ट्झवर पुष्कळदा अनुभवलं आहे. या छंदाची सभ्यता मला यातच दिसते.

2017 मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी एफटी-8 हे नवं तंत्र दिलं. आठ सूर, 50 हर्ट्झ रुंदी, 15 सेकंदांची पाळी. गोंगाटात बुडालेला सिग्नलही ते वाचतं. फ्लॅटच्या गॅलरीत तार टांगून बसलेल्या पुण्या-मुंबईच्या हॅमला त्यामुळे युरोप गाठता येतो, हे त्याचं थोर देणं आहे. पण त्यातला रिपोर्ट कॉम्प्युटर देतो आणि तो फक्त ताकद सांगतो. ऑडिओ जास्त असेल तर 600 हर्ट्झच्या सुराबरोबर 1200 वर आणि 1800 वर त्याची भुतं उठतात. सॉफ्टवेअरमधलं ‘स्प्लिट’ चालू केलं की सूर 1500 ते 2000 मध्ये राहतो आणि ही भुतं रेडिओच्या फिल्टरबाहेर पडतात. पण ज्याच्या हे लक्षात आलेलं नाही त्याला सांगणार कसं? मोकळ्या मजकुराला इथे जागा अवघी 13 अक्षरांची.

एफटी-8 च्या जेमतेम 3 किलोहर्ट्झच्या पट्टीत एकाच वेळी कितीतरी जण असतात. एकाचा मळका सिग्नल आधी दुबळ्यांना गाडतो, आणि छोट्या अँटेनावाले आपण बहुतेक वेळा त्या दुबळ्यांतच असतो.

म्हणून माझं एक सांगणं आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. लहर तिथवर पोचत असेल तेव्हा आपला सिग्नल तिथे स्वतः पाहा. दुसऱ्याचा मळका दिसला तर ईमेल करून नम्रपणे कळवा. आणि कोणी तुम्हाला कळवलं तर वाद घालण्याआधी ऑडिओ खाली आणा, मग त्यालाच पुन्हा विचारा.