ढगांतून कोसळणारा वारा

२४ जून १९७५ च्या दुपारीं न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर मेघगर्जनेसह वादळ चाललें होतें. न्यू ऑर्लिन्सहून आलेलें ईस्टर्न कंपनीचें बोइंग विमान धांवपट्टीपर्यंत पोहोंचलेंच नाहीं. अलीकडच्या दिव्यांच्या मनोऱ्यांवर आदळून तें कोसळलें व ११३ माणसें प्राणांस मुकलीं. थोड्याच वेळापूर्वीं त्याच पट्टीवर दुसरीं विमानें सुखरूप उतरलीं होतीं. मग याच विमानावर घाला कां पडला?

हें कोडें शिकागो विद्यापीठांतील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनीं उलगडलें. १९४५ सालीं अणुस्फोटानंतर ते नागासाकीस गेले होते. तेथें झाडें चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेरच्या दिशेनें आडवीं झालेलीं त्यांनीं पाहिलीं. पुढें १९७४ च्या झंझावातानंतर अमेरिकेंतील अरण्यावरून उडतांना तसाच देखावा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यांनीं ताडलें कीं, ढगांतून थंड हवेचा लोट खालीं कोसळतो व नळाची धार फरशीवर पसरावी तसा भूमीवर चहूंकडे पसरतो. विमानाला प्रथम समोरचा वारा लागतो व तें वर उचललें जातें. वैमानिक एंजिनाचा जोर कमी करतो. तोंच खालीं रेटणारा आणि मागून पाठलाग करणारा वारा त्याला गांठतो. सारा खेळ कांहीं मिनिटांचा!

पुष्कळ विद्वानांना हें पटेना. अरण्यांतील पडझड हा कांहीं डोळ्यांनीं पाहिलेला वारा नव्हे, हा आक्षेप अगदींच गैर होता असें मला वाटत नाहीं. पुरावा दिला तो रडारनें. लहरी उत्पन्न करणारी वस्तु जवळ येतां त्यांची कंपनसंख्या वाढते व दूर जातां घटते, हें डॉप्लरनें १८४२ सालीं मांडलें होतें. पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींना तेंच तत्त्व लावलें, तर अदृश्य वाऱ्याची गति कळते. पसरणाऱ्या लोटाची अलीकडची बाजू रडारकडे येते, पलीकडची दूर जाते; हीच त्याची खूण. १९७८ सालीं शिकागोजवळ ती प्रत्यक्ष सांपडली.

तरीही १९८२ सालीं न्यू ऑर्लिन्सजवळ १५३ आणि १९८५ सालीं डॅलस येथें १३७ बळी गेल्यावरच कामाला खरा वेग आला. सरकारी तिजोऱ्यांची कुलुपें बहुधा अशींच उघडतात.

११ जुलै १९८८ रोजीं डेन्व्हरच्या विमानतळावर या रडारची चांचणी चालू असतां तोच लोट धांवपट्टीवर कोसळला. सूचना मिळतांच उतरूं पाहणारीं विमानें पुन्हां वर चढूं लागलीं. एक तर भूमीपासून सुमारें शंभर फुटांपर्यंत खालीं आलें होतें. तें सांवरलें, आणि त्या दिवशीं सर्व उतारू सुखरूप घरीं गेले.